फक्कीचं रिंगण

रविवार, ९ मार्च २०२५

सकाळचे ७ वाजून १२ मिनिटे. बिडकीनच्या माळावर जिप्सीत बसलो होतो, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. तेवढ्यात पाडस जमिनीवर पडलं. आधी दोन खूर दिसले होते, मग नाक, मग बराच वेळ काहीच नाही. हरिणी उभीच होती. दोनदा बसली, दोनदा उठली. मग एकदम सगळं बाहेर. ओलं, पिवळट, कान चिकटलेले.

तिने लगेच चाटायला सुरुवात केली. वारही खाऊन टाकली. कुत्र्यांना वास जाऊ नये म्हणून. माळावरच्या मेंढपाळ मुंजाबाकाकांनी शिकवलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं.

७.३१ ला पाडस गुडघ्यांवर आलं आणि पडलं. ७.३८ ला परत पडलं. ७.४४ ला उभं राहिलं! चारही पाय फाकवून, थरथरत. आणि मागे बसलेल्या चार पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! एकाने तर शिट्टी मारली. हरिणी चाळीस पावलं पळाली. शिवराजभाऊ त्यांना म्हणाले, "अहो, हळू," आणि स्वतःच हसले. हसले! गाडी त्यांची, पाहुणे त्यांचे, सफारीची पाटी त्यांची. मी फक्त ड्रायव्हर. रोजा होता म्हणून तोंड आवरलं.

हरिणी परत आली. पाडसाला दूध पाजलं. मग त्याला बाभळीजवळच्या उंच गवतात नेलं. ते तिथं मान टाकून असं चपटं झालं की दगड वाटावा. ती एकटीच चरत लांब गेली. हीच त्यांची रीत. आई लांब राहते, दिवसातून दोन-तीन वेळा येऊन पाजते.

पाहुण्यांना उस्मानपुऱ्यात सोडून अकरा वाजता मोटरसायकलवर परत आलो. सोबत चुन्याच्या फक्कीची पिशवी. गेल्या वर्षी याच माळावर सहा महिने मोजणीवाल्यांच्या हाताखाली होतो. टेप धरायचा आणि प्लॉटच्या हद्दीवर पांढरी फक्की मारायची. माझी रेष वाकडी जात नाही. पाडसापासून मोजून नऊ पावलांवर गोल रिंगण मारलं. त्याला हात लावला नाही, जवळही गेलो नाही. आता कुणाची गाडी चुकून अंगावर जाणार नाही.

शिवराजभाऊंना हे सुचलं नसतं.

सोमवार, १० मार्च

सकाळी सहा ते संध्याकाळी पाच लांब बांधावर बसलो. हरिणी चार वेळा बाभळीकडे आली आणि चारही वेळा थांबून वळली. एकदाही पाजलं नाही. त्या टाळ्या तिच्या कानातून गेलेल्या नाहीत!

मुंजाबाकाका असते तर विचारलं असतं. ते मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला गेलेत. फोन लागत नाही.

मंगळवार, ११ मार्च

पाडस मेलं.

सकाळी ६.५० ला पाहिलं. चावल्याची खूण नाही, रक्त नाही. तसंच चपटं, मान टाकलेली. डोळ्यांना मुंग्या. पोट पाठीला लागलेलं.

शिवराजभाऊंना तिथूनच फोन केला. म्हणालो, तुमच्या पाहुण्यांनी मारलं. ते म्हणाले, "मुनीब, मी गाडी साठ पावलांवर उभी करायला लावली होती. तूच मोजली होतीस." मोजली होती, खरं आहे. पण टाळ्यांचं काय? म्हणाले, टाळ्यांनंतर ती परत येऊन पाजून गेली ना, मग? आवाज असा शांत, की मीच मूर्ख! मी म्हणालो, उद्यापासून गाडीवर येणार नाही. त्यावर म्हणाले, "रोजा आहे, ऊन लागलंय तुला. घरी जा."

पाणी मागायलाही तोंड नव्हतं त्या जीवाला.

बुधवार, १२ मार्च

वन खात्याला अर्ज लिहिला. तीन वेळा. पहिल्यात खाडाखोड झाली, दुसरा रागात फार लांबला. मी नववीपर्यंतच शिकलोय, पण माझा अर्ज वाचून कुणी हसायला नको. तिसरा नीट आला, मुद्दे घालून. चौथा मुद्दा मला सगळ्यात चांगला जमला. तो असा: "पाडसाच्या रक्षणासाठी मी स्वतः त्याच्याभोवती नऊ पावलांवर फक्कीचे रिंगण केले होते. तरीही शिवराज यांनी आणलेल्या लोकांच्या गोंगाटामुळे आई पाडसाजवळ फिरकली नाही."

अम्मीने इफ्तारीला बोलावलं तेव्हा मी अजून लिहीत होतो. म्हणाली, "रोज़े में इत्ता गुस्सा नक्को, मुनीब. खजूर तो खा ले." खाल्ला. राग गेला नाही. का जावा?

गुरुवार, १३ मार्च

अर्ज दिला. पोच घेतली.

सोमवार, १७ मार्च

चौकशी होईपर्यंत शिवराजभाऊंना माळावर गाडी न्यायची बंदी. शहागंजमध्ये चहाच्या टपरीसमोर ते भेटले. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला गाडी शिकवली ती याच दिवसासाठी का रे?" आणि स्कूटर चालू करून गेले.

हेच मला आवडत नाही. चूक स्वतःची आणि बोलायचं असं की समोरच्याला टोचावं! हो, शिकवली. रिकाम्या मैदानात, आठ दिवस, एक पैसा न घेता. म्हणून काय पाडसाचं मरण गिळायचं?

अर्जाची झेरॉक्स काढून पुन्हा वाचली. एकही चूक नाही.

गुरुवार, २० मार्च

मुंजाबाकाका परत आलेत. सकाळी त्यांनीच फोन केला, दुसरी हरिणी कळपातून बाजूला झालीय म्हणून.

मी ६.३५ ला पोचलो. ६.५८ ला जन्म. या वेळी टाळ्या नाहीत, गाडी नाही, माणसं दोनच. पाडस २९ मिनिटांत उभं राहिलं. पाजून झाल्यावर आईने ते तरवडाच्या झुडपाआड लपवलं आणि लांब गेली. काका मेंढरांकडे वळले. मी पिशवी काढली आणि मोजून नऊ पावलांवर रिंगण मारलं. मनात म्हणालो, आता बघा शिवराजभाऊ, गोंगाट नसला की काय होतं.

हरिणी साडेनऊला आली. रिंगणापाशी थांबली. पुढचा एक पाय उचलला, तसाच धरला, मागे फिरली. दहाला परत तेच. साडेदहाला परत तेच. पाडस हललंसुद्धा नाही.

काका येऊन माझ्याशेजारी बसले. बराच वेळ पाहत राहिले.

"ते पांढरं कुणी टाकलं?"

मी म्हणालो, मी. कुणाची गाडी जाऊ नये म्हणून.

ते ओरडले नाहीत. तंबाखू मळत म्हणाले, "आज पांढरं पडलं की उद्या मशीन येतंय, पोरा. मागल्या साली ह्याच माळावर चार पाडसं मशीनखाली गेली. तवापासून बघतोय मी. पांढरी रेघ दिसली की कळप वळतो. लई लांबून वळतो. ती नाय जायची आत."

मागल्या साली ती रेघ कुणी मारत होतं, हे काकांना माहीत नाही. मी सांगितलंही नाही.

आम्ही दोघांनी पायांनी फक्की पुसली. माती ओढली, वर गवत टाकलं. मी माती अशी भराभर ओढत होतो की काका म्हणाले, "हळू, त्याला धूळ लागंल." बांधावर जाऊन बसलो. ११.४० ला ती आली. जिथं रेष होती तिथं वास घेतला. थांबली. मग आत गेली. झुडपाआडून एक छोटं डोकं वर आलं आणि तिच्या पोटाखाली ढुशी देऊ लागलं.

काका म्हणाले, "व्हय, घेतलं जवळ."

मी दुसऱ्या पाडसाकडे पाहत होतो आणि मला पहिलंच दिसत होतं. चार वेळा आलेली आई. चार वेळा वळलेली. मी सगळ्या वेळा लिहून ठेवल्यात.

शुक्रवार, २१ मार्च

वन खात्यात अर्ज मागे घ्यायला गेलो. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, असा मागे घेता येत नाही, चूक कुणाची ते लिहून द्या. माझाच अर्ज माझ्यासमोर ठेवला. चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवून विचारलं, "हे रिंगण कुणी केलं?"

नवा कागद घेतला. 'विरुद्ध' लिहून त्यापुढे माझं नाव लिहिलं. खाडाखोड झाली नाही.