नमुन्याचं वाक्य

३ जानेवारी
विरूपाक्षाचं फर्मान: त्याच्या कोडचं डॉक्युमेंटेशन मी लिहायचं. छोट्या पडद्यांवर अक्षरं उमटवणारा ओपन सोर्स कोड, वजनकाट्यांत, पंपांत कुठंकुठं जाऊन बसलेला. संस्कृतच्या मास्तराला का? 'रिकामा हायस म्हणून.' मग हळूच: 'माहिती नसलेला कोड कुणी दत्तक घेत न्हाय, शास्त्री. मी असेपर्यंत वारस बघू.' त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर. पसरलाय.

८ जाने.
कोडचा पहिला पर्याय, अक्षरं डावीकडे-उजवीकडे-मध्ये मांडायचा, तीन शब्दांत उरकला. वि. चा फोन, आवाज घोगरा. 'ही काय सूत्रं लिवलायस? भाष्य कोण लिवणार, मी? वर जाऊन?'
पुन्हा लिहिलं.

१५ जाने.
दुधनीला, वि. च्या घरी. प्रत्येक पर्याय एकाच वाक्यावर दाखवायचा अशी रीत. वाक्य वि. नं निवडलं: 'ऊट आय्ता?' कानडीत, जेवण झालं का. शाळेतून येताना त्याची आई दारातून आम्हा दोघांना हेच विचारायची. उत्तराआधी ताट.
आता त्याला पोटात नळीनं पातळ जातं. वहिनी म्हणाल्या, 'भावजी, चहा घ्या की. ह्यांच्यासमोर नको, आत या.' उभ्यानं प्यालो.

२ फेब्रु.
ठळक, अधोरेखित, उलटे रंग झाले. ओळीत न मावणारा मजकूर? कोड तो गुपचूप छाटतो. म्हटलं, निदान टिंबं दे, पुढं काही होतं एवढं तरी कळेल. वि. आता बोलत नाही, टाइप करतो. 'जागा नसते रे.'

१९ फेब्रु.
सगळं लिहून इंटरनेटवर जाहीर केलं, कोड सांभाळणारा हवा म्हणून. कुणी फिरकलं नाही. वि. ला सोलापूरच्या दवाखान्यात आणलंय. बोट उचलून विचारलं, आलं का कुणी. म्हटलं, येतील. एवढ्या खोट्याला व्याकरण लागत नाही.

२७ फेब्रु.
एक जण आला, मेलवर. परदेशी, नम्र. डॉक्युमेंटेशन स्वच्छ आहे, सांभाळायला तयार. फक्त नमुन्याचं वाक्य कुणाला कळत नाही, साधं इंग्रजी घालू या का. मूळ लेखकाला विचारून सांगा.
दवाखान्यात गेलो. बोट उठलंच. 'आलाय एक जण.' वि. नं डोळे मिटले. कपाळ सैल पडलं. कधीपासून बघितलं नव्हतं असं.
वाक्याचं काढलं नाही.

१ मार्च
पाहुण्याचा आठवण करून देणारा मेल, नम्रच. घाई नाही म्हणतो.
वहिनींचा फोन. 'ह्यांनी पाटीवर लिवलंय. आलेल्या माणसाला माझं काय आवडलं, शास्त्रीला विचार म्हणून. या की तुमी.'
पाहुण्याला 'वाक्य बदला' असं उत्तर लिहून ठेवलंय. धाडलेलं नाही. पायात चपला घातल्यात, आणि