दसऱ्याच्या लिंबांमुळे महागलेला गाडीचा विमा

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सागरवाट जनरल इन्शुरन्स कंपनी,
वसई शाखा, पारनाका, वसई.

अर्जदार : कु. कृतिका श्रीरंग चुरी, इयत्ता दहावी, रा. गिरिज, ता. वसई (वडिलांच्या संमतीने, संमती आईने मिळवून दिली).

विषय : परदेशातून परतल्यावर गाडीचा विमा परवडेल अशा हप्त्यात मिळणेबाबत व लिंबांवरील आक्षेप मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपले २९ ऑगस्टचे पत्र.

महोदय,

लिंबू चिरडले तर गाडीचा विमा महाग होतो का? हे मी लेखी विचारूच शकणार नाही, अशी पैज माझ्या वर्गातल्या विनिता आणि सॅमी यांनी लावली होती. विचारले आहे. उत्तरही लेखीच द्यावे, म्हणजे त्यांना दाखवता येईल.

१. माझे वडील श्री. श्रीरंग चुरी मस्कतला नोकरीस होते. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे कायमचे घरी आलो. तिथे बाबांनी कधी गाडीच्या विम्याचा दावा केला नाही, तसे तिथल्या कंपनीचे पत्रही आणले आहे. त्या पत्रावर इथे हप्त्यात सवलत मिळेल, असे आपल्या शाखेतून फोनवर सांगण्यात आले. आम्ही खूश झालो. जरा लवकरच झालो.

२. आमची इथली गाडी ती सगळी वर्षे अंगणात फणसाखाली उभी होती. रस्त्यावर न्यायचीच नव्हती, म्हणून विमाही कोणी भरला नाही. ती वापरली नाही याचा पुरावा आपण मागितला, तेव्हा बाबांनी दसऱ्याचे फोटो जोडले. माझे आजोबा श्री. हरिभाऊ चुरी ते दरवर्षी मस्कतला पाठवायचे. गाडी धुतलेली, पुढे झेंडूचा हार, आंब्याची डहाळी, आणि मागे दरवर्षी तोच फणस. याहून चांगला पुरावा कोणता, असे बाबांना वाटले. मलाही वाटले.

३. आपल्या सर्व्हेअर साहेबांनी मात्र चाके पाहिली. चारही चाकांखाली लिंबू चिरडलेले आणि स्टीअरिंगवर आजोबा, टोपी घालून. त्यावरून "वाहन विम्याविना वापरात होते" असा शेरा आला. सवलत गेली ती गेलीच, वर हप्ता वाढला. बाबांना इथे अजून नोकरी नाही. त्यांनी आपले पत्र टेबलावर पालथे ठेवले आणि आईला म्हणाले, "विनया, तिकडेच बरे होतो आपण."

४. तरी कृपया समजून घ्यावे. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून पुढे घेतात, हे आपणांस माहीत असेलच. आमच्या गाडीची बॅटरी पहिल्याच वर्षी उतरली. तेव्हापासून प्रितेशकाका आणि शेजारचा एल्रॉयदादा ती मागून ढकलायचे, लिंबू फुटण्यापुरती वीतभर, आणि परत जागेवर. आजोबा आत बसायचे कारण हँडब्रेक कोणीतरी सोडायला हवा. ढकलणारी माणसे फोटोत नाहीत कारण फोटो पुढून काढतात. हार पुढे असतो. तरीही तिसऱ्या, जरा तिरक्या आलेल्या फोटोत डिकीच्या कोपऱ्यावर चार बोटे दिसतील. ती एल्रॉयदादाची. तो येऊन बोटे दाखवायला तयार आहे. "नाताळात मी बाइकला स्टार लावतो, माझा पण हप्ता वाढवणार का विचार," असे त्याने सांगितले होते. ते मी विचारत नाही.

५. मीटरवरचा आकडा बघा म्हटले, तर जाण्याआधी तो किती होता याची नोंद नाही, असे उत्तर आले. खरे आहे. विमान पकडायच्या घाईत मीटर कोण लिहून ठेवतो?

६. आता मुख्य अडचण. फेरतपासणीसाठी गाडी शाखेत आणावी, असे आपण कळवले आहे. त्याच पत्राच्या तळाशी, विमा नसलेले वाहन रस्त्यावर आणू नये, असेही छापले आहे. मी दोन्ही वाक्ये वर्गात वाचून दाखवली. मराठीच्या बाई म्हणाल्या, दोन्ही शुद्ध आहेत. गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावला, तर तो आमच्या गल्लीतल्या क्रूसाजवळ वळेना, आणि ड्रायव्हर आम्हालाच चार शब्द सुनावून गेला. सर्व्हेअर साहेबांना घरी बोलावले, तर फेरतपासणी शाखेतच होते, असे उत्तर आले.

७. गाडी आजोबांसाठी हवी आहे. आषाढात ते विहिरीपाशी घसरले. मांडीचे हाड जोडले, पण पाय चालता व्हायला होळी बाजारातल्या व्यायाम केंद्रात वरचेवर जावे लागते. रिक्षात पाय लांब करता येत नाही आणि भाड्याची गाडी रोजची परवडत नाही. रिक्षाने एकदाच गेले, ते दाताखाली ओठ धरून परत आले. म्हणाले, "आता मला अंगणाबाहेर काढू नका." डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत पाय वळता झाला नाही तर तसाच राहील. हल्ली दुपारी ते काठी टेकत जाऊन गाडीत बसतात आणि दार उघडे ठेवतात. काल मी विचारले, "कुठवर आलो, आजोबा?" म्हणाले, "फणसापर्यंत."

८. म्हणून विनंती की लिंबांवरचा शेरा काढावा, मस्कतचे पत्र धरून हप्ता ठरवावा, किंवा निदान साहेबांना एकदा आमच्या अंगणात पाठवावे. चहा मिळेल. लिंबूपाणी देणार नाही.

९. शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास काय करायचे, तो निर्णय मी आज सकाळी आईबाबांना सांगितला. शनिवारी आम्ही गाडी ढकलत आपल्या शाखेत आणणार. चावी फक्त स्टीअरिंग वळण्यापुरती, इंजिन बंदच राहील. काका, एल्रॉयदादा आणि माझा अर्धा वर्ग मागे, बाबा स्टीअरिंगवर, शेजारी आजोबा पाय लांब करून. पोलिसांनी हटकले तर आपले पत्र दाखवू, दोन्ही वाक्यांसकट. बाबा म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "लोकांनाही हात लावायला सांगू. तुम्ही आधी टायरात हवा भरून घ्या." आजोबांनी फक्त टोपी कुठे आहे ते विचारले. मी सगळ्यांना सांगून ठेवले आहे की होळी बाजार वाटेतच लागतो, तिथे आजोबांचा व्यायाम होईपर्यंत थांबायचे, आणि मगच आपल्याकडे यायचे.

आपल्या दाराशी जागा ठेवावी, ही नम्र विनंती.

कृतिका श्रीरंग चुरी

सोबत : दसऱ्याचे फोटो (तिसऱ्यावर बोटांभोवती गोल केला आहे), मस्कतच्या कंपनीचे पत्र, आजोबांच्या पायाचा एक्स-रे. लिंबे उपलब्ध नाहीत.