राफीचा रिपोर्ट

मोझली, बर्मिंगहॅम
रविवार, ४ जुलै १९७१

तीर्थस्वरूप पद्माकर सर यांना,
गर्शोन नागावकरचा नमस्कार. काकूंनाही नमस्कार.

नाव वाचून तुम्ही थांबला असाल. हो, तोच गर्शोन. डावखुरा, स्पिन टाकणारा, शनिवारी न येणारा.

तुमचा पत्ता डॉ. श्रीनिवासने दिला. तो इथल्या हॉस्पिटलात आहे. माझ्यानंतर सात-आठ वर्षांनी तोही तुमच्या नेटमध्ये होता म्हणे. जानेवारीत तो मुंबईहून परतला तेव्हा सांगत होता, की सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पत्रं सुलक्षणाकाकू वाचून दाखवतात, पण सकाळी नेटवर खुर्ची टाकून बसणं सुटलेलं नाही. डोळ्यांनी नीट दिसत नसलं तरी बॅटच्या आवाजावरून पोराला झापतात. हे ऐकून मी इतका हसलो की जेमिमा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून बघायला आली.

पत्र तेव्हाच लिहायचं होतं. पण इथे टपालवाल्यांचा संप झाला, सात आठवडे. तो मार्चमध्ये मिटला. त्यानंतरचे चार महिने मात्र माझे स्वतःचे आहेत, त्याला कारण नाही.

आमचं बरं चाललं आहे. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रॉइंग ऑफिसमध्ये आहे, सतरा वर्षं झाली. जेमिमा प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर आहे. निम्म्या मोझलीची पोरं हिच्या हातून झालीत. एकुलता एक मुलगा राफाएल. आम्ही राफी म्हणतो. एकवीस वर्षांचा आहे, युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकतो. चार वर्षांचा असताना इथे आला, त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे ‘माझी हात दुखतो’ आणि ‘तो खुर्ची’. पण बोलतो, सोडत नाही.

आणि क्रिकेट. सर, मी अजून क्रिकेटमध्ये आहे. खेळत नाही, बघतो. इथल्या एका काउंटीच्या सेकंड इलेव्हनचं, म्हणजे राखीव टीमचं, काम आर्थर ब्रॅम्ली नावाचे गृहस्थ पाहतात, जुने प्रोफेशनल, सत्तरीला आलेले. कॉलेजातली, युनिव्हर्सिटीतली पोरं बघून त्यांच्यावर रिपोर्ट लिहायला त्यांना माणसं लागतात. आमच्या कंपनीच्या मॅचला त्यांची ओळख झाली, आणि गेली सहा वर्षं मी हे काम हौसेने करतो. शनिवारी, आम्हा ज्यूंच्या शब्बाथला सुद्धा जातो. आई असती तर तिने माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

त्या रिपोर्टचा एक छापील फॉर्म आहे. बॅटिंग, बोलिंग, फील्डिंग, स्वभाव, आणि सगळ्यांत शेवटी एक रकाना: हा खेळाडू पूर्वीच्या कोणाची आठवण करून देतो? ब्रॅम्लींचा जीव त्या रकान्यात. पोराने एक कव्हर ड्राइव्ह मारला की त्यांना हॅमंड दिसतो. उंच डावखुरा स्पिनर दिसला की वेरिटी. मला म्हणतात, “गर्श, कमिटीतली माणसं वरचं काही वाचत नाहीत. शेवटचं नाव तेवढं वाचतात आणि त्यावर पोराला बोलावतात.” खरं आहे ते. मीही अशी नावं लिहिली आहेत. दोन वर्षांपूर्वी एका पोराला मी वेरिटी लिहिलं. बिचारा एक सीझन टिकला. प्रत्येक मॅचला लोक वेरिटी बघायला यायचे आणि तो पोरगा दिसला की घरी जायचे. आता तो कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवतो.

मे महिन्यात, एका बुधवारी, मी ऑफिसमधून अर्धा दिवस काढून युनिव्हर्सिटीच्या मॅचला गेलो. तीन पोरांवर रिपोर्ट हवे होते. दोन इंग्लिश. तिसरा राफी.

मी ब्रॅम्लींना म्हटलं, हा माझा मुलगा, याच्यावर मी लिहिणं बरं नाही. ते म्हणाले, “बापापेक्षा जास्त कोण बघणार? आणि तुला फार लिहायचंच नाहीये. शेवटच्या रकान्यात बेदी असं लिही. पोराला ट्रायल मिळते की नाही बघ.”

सर, तुम्ही बेदीला पाहिलं असेल. राफीला पाहिलेलं नाही. तो बेदीसारखा अजिबात नाही. त्याचा रनअप वेगळा, हात वेगळा, बॉल सोडण्याची जागा वेगळी. दोघं डावखुरे आहेत आणि दोघं सावळे, एवढंच काय ते सारखं. पण आपली टीम या उन्हाळ्यात इथे येणार म्हणून मैदानावर जो तो त्याला बेदी म्हणायला लागला होता. राफी हसायचा. मला ते हसणं ओळखीचं होतं.

मी पूर्ण मॅच बघितली. पहिल्या सहा ओव्हर त्याने इतक्या सुंदर टाकल्या की मी फॉर्म बाजूला ठेवून नुसता बघत बसलो. बॉल वर जायचा, जरा थांबल्यासारखा वाटायचा आणि मग खाली यायचा. दोन विकेट काढल्या. मग एका बॅट्समनने पुढे सरसावून त्याला डोक्यावरून मारला. त्यानंतर राफीचा खांदा खाली आला. बॉल सपाट झाला. मार बसू नये एवढंच तो बघत राहिला. शेवटपर्यंत. मी हे चार वर्षांपासून बघतोय, खांद्याचं सांगितलंय, कितीदा तरी सांगितलंय. दुसरा काही उपाय असता तर तो आत्तापर्यंत सापडला असता.

घरी येऊन मी रिपोर्ट लिहिला. बोटं चांगली आहेत. प्रामाणिक आहे. मार बसला की स्वतःचा बॉल विसरतो. कॉलेज आणि क्लबला उत्तम, फर्स्ट-क्लासला पुरणार नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं: कोणाचीही नाही. बेदीची तर मुळीच नाही.

पोस्टात टाकण्याआधी मी तो राफीला दाखवला. रविवारी दुपारी तो जेवायला आला होता. जेमिमाने नारळाच्या दुधातली मच्छी केली होती, त्याची आवडती. त्याने उभ्याउभ्याच वाचला.

“डॅडी, हे तुम्ही पोस्ट करणार?”

“हो.”

“एक word लिहिला असता. One word. आर्थर मला बोलला, त्याला फक्त ती नाव पाहिजे होती.”

“ते नाव तुझं नाही, राफी.”

त्याने कागद टेबलावर ठेवला. म्हणाला, “तुम्हाला जमला नाही, म्हणून मला पण नको. That’s it, isn’t it?” आणि कोट घेऊन गेला. जेवला नाही.

जेमिमाने त्याचं ताट झाकून ठेवलं. मग ताटं उचलताना म्हणाली, “तुम्ही एक शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं?” मी रिपोर्ट पोस्टात टाकला. पाच रविवार राफी घरी आला नाही.

सर, आता जे लिहितोय ते लिहायला मी दोन कागद फाडले आहेत. काकू, वाचताना इथे थांबू नका. तुम्हीही त्या दिवशी खोलीत होतात.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत मुंबईच्या टीमसाठी निवडीच्या मॅचेस होत्या. मी बावीसचा. विनू मंकड इंग्लंड गाजवून आले होते, आणि क्लबमध्ये मला जो तो दुसरा मंकड म्हणत होता. पेपरात सुद्धा एक ओळ आली होती. बाबांनी ती कापून सिनेगॉगमध्ये दाखवली होती. मी मंकडांसारखं चालायला लागलो होतो, सर. बाह्या तशा दुमडायचो. तुम्हीच एकटे मला गर्शोन म्हणत होतात.

मग निवड कमिटीला तुम्ही लिहिलेला माझ्यावरचा रिपोर्ट क्लबच्या कारकुनाने मला वाचून दाखवला. अजून पाठ आहे. ‘बोटं गोड. पण चाल दुसऱ्याची, टप्पा दुसऱ्याचा. दमल्यावर स्वतःचं असं काही उरत नाही. वर टिकणार नाही.’

मी तसाच तुमच्या घरी आलो. काकूंनी चहा आणून ठेवला. आणि मी तुम्हांला म्हणालो, की तुम्हांला तुमच्या जातीचं पोरगं पुढे काढायचं होतं, इस्रायल लोकांचं पोर तुम्हांला कशाला हवं होतं.

हे मी कोणाला म्हणालो? जो माणूस मला खेळू द्या म्हणून माझ्या बाबांकडे दोनदा आला होता, शब्बाथ मोडायला नको म्हणून ज्याने सगळ्या टीमची प्रॅक्टिस शनिवारवरून रविवारवर नेली होती, एका पोरासाठी, बाकी अकरा जणांची बोलणी खाऊन, त्याला. माझं बोलणं खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “चहा गार होतोय, गर्शोन.” मी तो तसाच टाकून निघालो. पुढच्या आठवड्यात तुमची चिठ्ठी आली, नेटवर ये म्हणून. मी आलो नाही. कधीच आलो नाही.

पाच रविवार राफी आला नाही तेव्हा मला कळलं, त्या चिठ्ठीनंतर तुम्ही किती रविवार वाट पाहिली असेल.

सहाव्या रविवारी दाराची बेल वाजली. घराची किल्ली जवळ असताना त्याने बेल वाजवली. आत आला, टाय सुद्धा काढला नाही. म्हणाला, “मी आर्थरकडे गेलो. Report नको, मला फक्त नेट द्या, म्हणालो. त्याने दिला. सेकंड इलेव्हनचे दोन बॅट्समन.”

“मग?”

“पहिला अर्धा तास फार छान. त्यांना समजतच नव्हता.” मग त्याने स्वतःचा डावा खांदा हळूच खाली केला. “मग हे.”

आत जेमिमाने नळ बंद केला.

“मी अजून angry आहे,” राफी म्हणाला. “पण तुम्ही खोटी नाही लिहिलं.”

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. मंकड, बाह्या, रिपोर्ट, तुमचं घर, मी जे बोललो ते. एवढ्या वर्षांत जेमिमालाही सांगितलेलं नव्हतं. ती दारात उभी राहून ऐकत होती. राफीने विचारलं, “आणि तुम्ही त्या सरला sorry बोललात?”

“नाही.”

“Twenty-four years?”

“हो.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की कमिटीसमोर मी बसलोय असं मला वाटलं. मग म्हणाला, “मी सहा वीक्समध्ये आलो, डॅडी.”

म्हणून हे पत्र.

राफी आता आमच्या कंपनीच्या टीमकडून रविवारी खेळतो. मागच्या रविवारी त्याला एका फोरमनने सलग तीन चौकार मारले, आणि चौथा बॉल त्याने पुन्हा हवेत दिला, उंच. तोही चौकार गेला. मी टाळ्या वाजवत होतो, शेजारच्याला वाटलं हा माणूस दुसऱ्या टीमचा. मी तुमच्याकडून जे शिकलो ते त्या पोराच्या बोटात आहे, सर. ते काउंटीला पुरलं नाही, पण मला बघायला पुरतं. आणि तुमच्या त्या चार ओळी नसत्या तर मी आणखी दहा वर्षं मंकडांच्या बाह्या दुमडत मैदानावर फिरलो असतो. ना ड्रॉइंग शिकलो असतो, ना हे घर, ना जेमिमा. तेव्हा मला ते कळलं नाही. नंतर कळलं, आणि सांगायची लाज वाटली. लाज वाटता वाटता निम्मं आयुष्य गेलं.

पुढच्या जानेवारीत राफी मुंबईला येणार आहे, महिनाभर. जेमिमाच्या बहिणीकडे उतरेल, पण त्याला तुमच्या नेटवर यायचं आहे. त्याची पाया पडण्याची पद्धत जरा गमतीची आहे, सांभाळून घ्या. तो बोलिंग टाकेल तेव्हा तुम्हांला जे वाटेल ते त्याला सरळ सांगा. त्याला ते झेपतं.

आता शेवटचं. हे मी राफीलाही सांगितलेलं नाही.

चोपन्न साली आम्ही बॅलार्ड पिअरवरून बोटीत चढलो, तेव्हा तुम्ही आला होतात. गर्दीत मागे, खांबाजवळ, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तुम्ही येणार हे मला कोणी कळवलं नव्हतं, आणि तुम्हांला कोणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. तुम्ही बोटीच्या कठड्यावर एकेक चेहरा शोधत होतात. एवढी वर्षं तुम्ही समजत असाल की गर्दीत मला तुम्ही दिसला नाहीत. मी तुम्हांला पाहिलं होतं, सर. पाहिलं, आणि राफीला कडेवर घेऊन खाली केबिनमध्ये गेलो. भोंगा होईपर्यंत वर आलो नाही.

मला माफ करा. आणि तुम्ही आलात, यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

काकू, त्यांच्या डोळ्यांना जपा.

तुमचा विद्यार्थी
(हे लिहिण्याचा हक्क मला उरला नसेल, तर काकू, तेवढा शब्द वाचू नका)

गर्शोन