उरलेली भाकरी

मंगळवार, जेवणं उरकल्यावर. कारेगाव

दवाखान्यातला वजन कमी करायचा गट मी चालवते, कारण माझंही वजन तिथंच उतरलं. आज शालनकाकी रडकुंडीला आल्या. साखर सोडली तरी काटा हलंना.

विचारलं, "काकी, रात्री उरलेली भाकरी कोण खातं?"

"मीच की. अन्न टाकायचं व्हय?"

सगळ्या बाया माना डोलवायला लागल्या. ती भाकरी प्रत्येकीच्या घरात आहे. हे मला आधी कसं सुचलं नाही?

गटात ठरवलं, आजपासून शेवटी नाही, सगळ्यांबरोबर जेवायचं. घरी तसंच केलं. एक भाकरी उरलीच. सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी ती नवऱ्यापुढं सरकवली.

"माझं पोट भरलंय," तो म्हणाला.

"माझंपण भरलंय," म्हटलं आणि हात धुतला.