सहावी पाळी आणि शेजारची खुर्ची

प्रिय वेन्डल,

कसा आहेस? उजवा खांदा अजून धरतो का? हिवाळाभर लोकांच्या तळघरांत वाकून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायच्या म्हटल्यावर खांदा कुरकुरणारच. तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं? शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, की अजून ‘या उन्हाळ्यात बघू’वरच गाडी अडली आहे? अर्लनं सिगारेट सोडली का? की तुझ्या भावाचा तो सोमवार अजून उजाडायचाच आहे? आणि गस? कुत्र्याच्या मानानं आता तो माझ्याच वयाचा झाला असेल. जिना चढतो, की तूच उचलून नेतोस? इकडे बर्निस ठणठणीत आहे. चर्चच्या तळघरात शुक्रवारचे मासे अजून तीच तळते आणि पिठात मीठ कमी पडलं म्हणून बाकीच्या बायकांना अजून तीच झापते. रोझॅनही बरी आहे. हे न विचारता सांगतो, कारण तू विचारणार नाहीस. माझ्याविषयी नंतर लिहितो, आधी कामाचं बोलू.

कामाचं म्हणजे निवड. एप्रिल संपता संपता फुटबॉलचे सगळे संघ कॉलेजातली पोरं निवडायला बसतील. गेल्या मोसमात आपला संघ इतका मन लावून हरला की यंदा आपली सहावी पाळी आहे. जो जास्त हरेल त्याला आधी निवडू द्यायचं, हा नियम ज्यानं काढला तो मनानं चांगला असणार, पण आपला मालक काही त्यानं पाहिलेला नसणार. आणि त्याच सुमारास स्टेडियमच्या कचेरीला मलाही एक नाव कळवायचं आहे: पुढच्या मोसमात माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार त्याचं. म्हणून या पत्रात दोन्ही विषय एकमेकांत मिसळतील. सांभाळून घे.

तर निवडीचं. सगळ्या गावाला चेंडू फेकणारा तो पश्चिमेकडचा क्वार्टरबॅक हवा आहे, जेलन प्रुइट. न्हाव्याकडे जा, बेकरीत जा, प्रुइटशिवाय विषय नाही. बेकरीतली आयरीन परवा पाव बांधता बांधता म्हणाली, “कॅझ, ऐकलंस का? पोरगा म्हणे साठ यार्ड चेंडू फेकतो.” मी म्हटलं, “बाई, फेकेल ना. पण आपल्याकडे आल्यावर तो उभा कधी राहणार?” गेल्या वर्षी आपल्या क्वार्टरबॅकचं काय झालं ते तू तिकडे टोलेडोत बसून पाहिलंच असशील. चेंडू हातात येतो न येतो, तोच डाव्या बाजूनं कुणीतरी येऊन त्याला आडवा करायचा. त्याची पाठ राखणारा गडी म्हणजे नुसतं फिरतं दार झाला होता. अशा गड्यांच्या फळीमागे नवा पोरगा उभा करायचा म्हणजे पाया खचलेल्या घराला नव्या खिडक्या बसवायच्या. आधी पुढची फळी बांधा, मग वाटेल तो क्वार्टरबॅक आणा. हे मी माझी मतं पहिल्यांदा बोलायला लागलो तेव्हापासून सांगतो आहे, आणि ऐकणारा असा मला एकच भेटला.

माझ्या मनात आयोवाचा तो डावा टॅकल आहे, क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा, ओस्टरहाउस नावाचा. शेतावर वाढलेला, शाळेत कुस्ती खेळलेला. बर्निस मला निवडीचं मासिक वाचून दाखवते आहे. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय ना, म्हणून. तिचं वाचणं म्हणजे काय विचारू नकोस. वजन-उंचीचे आकडे गाळून टाकते आणि “याची आई शाळेत स्वयंपाक करते, बघा. चांगल्या घरचा दिसतोय” हे मात्र दोनदा वाचते. प्रुइटचा फोटो बघून म्हणाली, “हा आरशासमोर फार वेळ काढत असेल.” मी म्हटलं, यावरून संघ बांधायचा का? तर म्हणे, “तुम्ही पुरुष याहून वाईट गोष्टींवरून बांधता.” पण ओस्टरहाउसबद्दल एक गोष्ट कुणीच नीट लिहीत नाही, म्हणून तुला विचारतो. मागे सरताना त्याचे पाय कसे पडतात? टाचा टेकतात, की चवड्यांवर राहतो? आणि आतल्या बाजूनं हूल मिळाली की कंबर आधी वळते की खांदे? तू त्याचे सामने बघितलेच असशील. मला नीट सांग. तुझ्याशिवाय असलं बघणारा माझ्या ओळखीत कुणी नाही.

एका बाबतीत माझं मत बदललं आहे, तेही सांगून टाकतो. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला अजून दोन यार्ड हवे असतील तर चेंडू लाथेनं लांब मारून समोरच्यांच्या हवाली करावा, असं मी जन्मभर म्हणत आलो. यावरून सामन्याआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये आपली किती भांडणं झाली. सॉसेज शेगडीवर जळून कोळसा व्हायचं आणि तू म्हणायचास, “कॅझ, सगळेच तुझ्यासारखे घाबरट असते तर अजून कुणी साधं तळंही ओलांडलं नसतं.” गेल्या मोसमात आपल्या प्रशिक्षकानं तसं धाडस पुष्कळदा केलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मी घरी बसून पुन्हा पुन्हा विचार केला, आणि मला वाटतं तो बरोबर होता. फळी कच्ची होती म्हणून डाव फसला. पण चेंडू आपल्या हातात असताना तो भीतीनं देऊन टाकण्यात शहाणपण नव्हतं. म्हणजे तू जिंकलास. बर्निसला हे सांगितलं तर म्हणाली, “मग हे त्याला सांगा ना, मला काय सांगता?” तिथूनच हे पत्र सुरू झालं म्हण.

आता खुर्चीचं. तू तुझ्या खुर्चीचं ते मोसमाचं कार्ड बर्निसच्या हातात देऊन गेलास, “आता हे माझ्याकडे शोभत नाही” म्हणालास. तुझे नि रोझॅनचे कोर्टाचे कागद होण्याआधीच दिलंस. मी तेव्हा गॅरेजमध्ये होतो आणि बाहेर आलो तोवर तुझी गाडी वळणावर गेली होती. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून तुला दोष देत नाही. पण त्यानंतर त्या खुर्चीचे काय हाल झाले ते ऐक. पहिल्या सामन्याला फादर मिखालक आले. चांगला माणूस, पण समोरच्या संघाचा कुणी लंगडत बाहेर गेला की प्रार्थना करायचा. मग बर्निसचा भाचा आला, त्यानं सगळा सामना फोनमध्ये पाहिला, मैदान समोर असताना. पुढे रोझॅननं ग्लेनला पाठवायला सुरुवात केली. तुला त्याच्याबद्दल कळलं असेलच. माणूस वाईट नाही, वेन्डल. दाराशी बूट काढतो, बर्निसच्या भांड्यांना हात लावतो. पण प्रत्येक खेळीनंतर मी विचारलं, काय झालं, की म्हणतो, “छान खेळले.” आपल्याला पाडलं तरी “छान खेळले.” एकदा मी चिडून विचारलं, “अरे, कोण छान खेळलं?” तर गोंधळून म्हणाला, “सगळेच.”

डिसेंबरातली गंमत सांगायची राहिली. शेजारच्या राज्याचा संघ आला होता आणि त्यांचे लोक गाड्या भरभरून आले होते, आपल्या कोपऱ्यात निम्मे तेच. दुसरा डाव संपत आला होता. आपल्या क्वार्टरबॅकनं लांब फेकला, आणि माझ्या आजूबाजूला एवढी आरोळी उठली की मी ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात वर करून ओरडलो. टोपीसुद्धा उडवली. मग लक्षात आलं की आमच्या रांगेत ओरडणारा मी एकटाच. चेंडू त्यांनी मधल्यामध्ये पकडला होता आणि सरळ पळत जाऊन गुण घेतले होते. ग्लेन माझी बाही ओढत होता. एवढ्यात मागच्या रांगेतला विल्बर, तोच गोदीवरचा, हसून म्हणाला, “अरे, म्हातारा बरोबर करतोय. आता हरण्यातच आपला फायदा. हरा रे, पोरांनो, हरा, निवडीत वर चढू.” बघता बघता आपला सगळा कोपरा समोरच्यांसाठी ओरडायला लागला. पाहुणे लोक चक्रावून बघत राहिले. बाहेर पडताना लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते, काय डोकं आहे म्हणत होते. मी हसलो आणि कुणाला काही बोललो नाही. आता लोक म्हणतात आपली सहावी पाळी कॅझमुळे आली.

तू शेजारी असतास तर असं झालं नसतं. तुला स्वतःला ठाऊक नसेल, पण तू सामनाभर पुटपुटत असतोस. “डावा गार्ड सुटला, उजवीकडे ओढतायत, मधला मोकळा, नको, नको, दिला, चार यार्ड.” मोठ्यानं नाही, शेजाऱ्यालाच ऐकू जाईल एवढंच. रोझॅन सुरुवातीला म्हणायची, “बाबा, हा सिनेमातही पुटपुटतो, मला वेड लागेल.” तुमच्या दोघांचं काय बिनसलं ते मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण त्यात या पुटपुटण्याचा थोडा तरी वाटा असला, तर त्याचं मला वाईट वाटेल. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. आपण दोघं चेंडू बघायचोच नाही, चेंडू बाकीचं स्टेडियम बघत असतं. आपण फळी बघायचो, आणि चेंडू कुठे जाणार ते आपल्याला बाकीच्यांच्या आधी कळायचं.

रोझॅनला मी विचारलं आहे, तुझ्या मनात ती शंका येईल म्हणून सांगतो. ती मला दवाखान्यातून घरी आणत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हटलं, तुझी हरकत नसेल तर वेन्डलला खुर्ची देऊ का? मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा गाडी पुढे काढली आणि म्हणाली, “घटस्फोट मी घेतला, बाबा. तुम्ही कशाला घेतलात?” मग घरापाशी आल्यावर म्हणाली, “पार्किंगमध्ये मी येणार नाही. पण त्याला म्हणावं, थर्मासचं झाकण नेहमी सैल ठेवतोस, ते घट्ट लाव. नाहीतर तुमच्या मांडीवर सांडेल.” ग्लेनलाही मी सांगितलं. त्याचा चेहरा मला नीट कळला नाही, पण खांदे मात्र खाली आले, सुटकेनं.

आता माझ्याविषयी. दवाखाना म्हणजे डोळ्यांचा. चष्मा दुरुस्तीला टाकलेला नाही, वेन्डल, चष्म्यानं आता काही होत नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध करडा डाग धरला आहे. कडेकडेनं दिसतं, मधलं जातं; हे पत्रही कडेच्या नजरेनंच लिहितो आहे, ओळी वाकड्या गेल्या असतील. महिन्याला सुई टोचतात, म्हणजे आहे तेवढं टिकेल म्हणे, गेलेलं येणार नाही. गोदीवर क्रेनच्या डब्यात बसून जहाजाच्या पोटातलं लोखंडाचं खनिज मी जन्मभर बोटभराचीही चूक न करता उचललं. आता समोर बसलेल्या बर्निसचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. ती म्हणते, यात तोटा काही नाही. मैदान मला हिरवं दिसतं, माणसं हलताना कळतात, कोणता रंग कुठे सरकतो ते कळतं. चेंडू मात्र गेला आहे. डिसेंबरात मी नुसत्या आवाजावर उभा राहिलो होतो. बर्निसला आणि रोझॅनला माहीत आहे, आणि आता तुला. विल्बरला सांगू नकोस, त्याला मी अजून हुशार वाटायला हवा. लोक म्हणतात घरी रेडिओ लावून बस. बसेनही. पण रेडिओवाला चेंडू सांगतो, फळी सांगत नाही, आणि थंडीत शेजारी कुणाचं कोपर लागत नाही. त्या खुर्चीवर तू बसून नेहमीसारखा पुटपुटत राहिलास तर मला सामना दिसेल. तू नाही म्हणालास तर मी दोन्ही खुर्च्या सोडून देईन, आणि त्यात तुझ्यावर राग नसेल, एवढं खरं मान. दया म्हणून येऊ नकोस. तुला ओस्टरहाउस आवडला असेल, किंवा तो चुकीचा आहे असं मला तोंडावर सांगायचं असेल, तर ये. कचेरीला नाव महिनाअखेर द्यायचं आहे, तेव्हा लगेच उत्तर पाठव. आणि काळ्या शाईनं, ठळक, एका पानावर दोन-तीनच शब्द येतील एवढं मोठं लिही. बाकी पत्रं बर्निस वाचते, पण हे मला माझं मी वाचायचं आहे.

तुझाच,
कॅझ