मी सुधारलेले दोन परिच्छेद

९ सप्टेंबर, मंगळवार
परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी संभाषण-जोडीचा पहिला तास पार पडला. आठ तास, जोडीदाराच्या आठ सह्या, त्यावर हा उपक्रम चालवणाऱ्या मिसेस प्रुइटांचं शिफारसपत्र, आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या खर्चाने सहा आठवडे चीनमध्ये, चेंगडूला. सगळं आखलेलं आहे.
जोडीदार लू वेनजिंग. दुसरं वर्ष. शांघायची, किंवा त्याच बाजूची. फार अबोल. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तासभर मीच बोललो. नाव लांब आहे, मी वेन म्हणेन असं सांगितलं. ती म्हणाली, वेन कुणीच म्हणत नाही. म्हटलं, इथे म्हणतील.
संकल्प : तिला बोलतं करायचं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
वेन थर्मासमधून गरम पाणी पिते. नुसतं गरम पाणी. आजारी आहेस का विचारलं. नाही म्हणाली. काहीतरी लपवते आहे.
तिने आज एक प्रश्न विचारला. इथले लोक ‘कशी आहेस’ विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे कसे जातात? अगदी चांगला प्रश्न. चाळीस मिनिटं समजावलं. तिचं मत विचारणार होतो, पण मला क्लासला जायचं होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार
चौथा तास. प्रोफेसर ऑल्डेनच्या इतिहासाच्या वर्गासाठी ती निबंध लिहिते आहे. विषय : एकोणीसशे तीसच्या दशकात आपल्या अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात उठलेली धुळीची वादळं. परक्या मुलीला हा विषय जड जाणार. मी टेबलावर मीठ पसरलं, त्यावर फुंकर मारली आणि धुळीचं वादळ म्हणजे काय ते दाखवलं. ती म्हणाली, माहीत आहे. हे लोक सभ्यपणाने सगळ्यालाच ‘माहीत आहे’ म्हणतात. पुन्हा एकदा फुंकर मारून दाखवलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
मंगळवारी वेनने निबंध माझ्याकडे दिला. फक्त ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ कुठे चुकलंय ते बघ, बाकी कशाला हात लावू नकोस, असं म्हणाली. बघितलं. भाषा अगदीच साधी. छोटी छोटी वाक्यं. मैत्रीला काही अर्थ आहे की नाही? मधले दोन परिच्छेद मी नव्याने लिहून काढले. खरं सांगायचं तर मस्त जमलेत. ‘अनिर्वचनीय’ एकदा, ‘कालौघ’ दोनदा.
निबंध आज पाचच्या आत द्यायचा होता. मी चार अठ्ठेचाळीसला तिला मेल केला. तोपर्यंत तिचे पाच मेसेज येऊन पडले होते. ही मुलं उगाच टेन्शन घेतात. वाचायला वेळ मिळाला का विचारलं, तर नाही म्हणाली, तसाच अपलोड केला. म्हणजे विश्वास टाकला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
सातवा तास; मधला एक मंगळवार सुट्टीत गेला. वेनने कॉलेजचं एक पत्र पुढ्यात ठेवलं. निबंधातला काही भाग तिचा स्वतःचा वाटत नाही, तेरा नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता कमिटीसमोर हजर राहावं. दोष सिद्ध झाला तर एक सत्र बाहेर. बाहेर म्हणजे व्हिसा गेला, असं ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, पण थर्मासचं झाकण तिला तीनदा लावावं लागलं.
मी कमिटीपुढे करायचं भाषण लिहून देतो म्हटलं. सुरुवातीलाच नम्रपणे माफी मागायची. ती म्हणाली, माफी मागितली तर मीच केलं असं होईल ना? संस्कृतींमधला फरक, दुसरं काय.
मग म्हणाली, भाषण नको, तू ये. काय बदललंस तेवढंच सांग.
येईन म्हटलं. नक्की.

२९ ऑक्टोबर, बुधवार
चेंगडूचा अर्ज सहज उघडून पाहिला. प्रश्न अकरावा : अर्जदाराचा शैक्षणिक गैरवर्तनाच्या कुठल्याही प्रकरणाशी संबंध आला आहे काय?
हा प्रश्न काल तिथे नव्हता, असं वाटतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सर्दी. आठवा तास रद्द कळवला. वेनला संसर्ग होऊ नये, हा मुख्य विचार.
शांतपणे बघितलं तर दोष कुणाचाच नाही. लिखाण जास्तच चांगलं झालं, एवढंच. प्रोफेसरला वाटलं, परदेशी मुलगी इतकं सुंदर लिहील कशी. दोष त्याच्या मनातल्या समजुतींचा. यावर कधीतरी लेख लिहायला हवा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सर्दी कायम. वेनचा मेल आला. एकच ओळ : गुरुवारी दहा वाजता येशील ना?
हो कळवलं. पाठवायला सहा तास लागले. नेट स्लो असावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आजच ऑल्डेनकडे जाऊन सगळं सांगून टाकायचं ठरवलं. त्याच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेलोही. आत कुणीतरी होतं. बहुतेक तोच होता. एकटा. कामात असलेल्या माणसाला त्रास कशाला? परत आलो.
संकल्प : उद्या पावणेदहाला तिथे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
९:४०. समोरच्या लायब्ररीत. खिडकीतून कमिटीच्या इमारतीचं दार दिसतं. वेन आत्ताच आत गेली. काळा कोट, हातात फाइल. पायरीवर थांबून तिने दोन्ही बाजूंना पाहिलं.
९:५५. कबुली तोंडी देण्यापेक्षा लेखी बरी. लिहायला घेतली आहे.
१०:१०. पहिला मसुदा फारच रुक्ष. मनाची घालमेल त्यात उतरत नाही.
१०:२५. दुसरा बरा. पण यात मी गुन्हेगार वाटतो.
१०:५०. तिसरा मसुदा. वेन अजून बाहेर आलेली नाही.
११:२०. आली. एकटीच. ताठ चालत गेली. चेहरा दिसला नाही. कबुली जवळजवळ तयार.
११:३५. निघालो.

१३ नोव्हेंबर, दुपार
खोलीत फक्त ऑल्डेन होता, कागद गोळा करत. मी कबुली पुढे केली. त्याने पहिली ओळ वाचून ती परत दिली. म्हणाला, हे त्याच हातचं आहे, ‘कालौघ’ लगेच ओळखला.
मग बस म्हणाला. मी उभाच राहिलो. तो म्हणाला, मुलीचा निबंध पाण्यासारखा स्वच्छ आहे. मधेच दोन परिच्छेद फुगून बसलेले. इतकं चांगलं लिहिणारी मुलगी हे असलं लिहिणार नाही, म्हणून शंका आली.
तिने सगळे कच्चे मसुदे तारखांसकट आणले होते, माझा मेलही. वर अर्धा तास बोलली. ती शांघायची नाहीच, वाळवंटाकडच्या लांझोची. लहानपणी वसंतात धुळीची वादळं यायची, तेव्हा आई खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबायची. समोरची इमारत दिसेनाशी व्हायची. सगळी कमिटी ऐकत राहिली, ऑल्डेन म्हणाला.
तिच्या नावावर डाग नाही. दोन परिच्छेद पुन्हा लिहून दिले की झालं.
मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाली? तो म्हणाला, मेलवर तुझं नाव होतंच. त्याबद्दल विचारल्यावर ती म्हणाली होती, तो येतो आहे, तोच सांगेल. म्हणून कमिटीने कामकाज पंधरा मिनिटं थांबवलं. पंधरा मिनिटं सगळे दाराकडे बघत बसले होते.
ऑल्डेनने दिवा बंद केला, म्हणून मीही बाहेर आलो.

२ डिसेंबर, मंगळवार
मिसेस प्रुइटांच्या ऑफिसात फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस. चेंगडूचं काय, ते माझ्याबद्दल आलेलं कमिटीचं पत्र वाचून त्या ठरवणार आहेत. आठ सह्या तरी पूर्ण असाव्यात म्हणून कॅफेटेरियात वेनजिंगला गाठलं. ती एका मुलीबरोबर बसली होती. तिची नवी जोडीदार. वेनजिंग बोलत होती, ती ऐकत होती, मधेच दोघी हसत होत्या. मी तसाच उभा होतो.
मला बघून वेनजिंग उठली. फॉर्म घेतला. पहिल्या तासापुढे सही, दुसऱ्यापुढे सही, अशा सात केल्या. आठव्या रकान्याशी पेन थांबवलं. मी म्हटलं, एकच तर आहे, कोण बघतंय. त्यावर ती म्हणाली, झाले सातच. न झालेलं झालं म्हणून मी आता लिहीत नाही.
रागावलेली नव्हती. फॉर्म माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसली.
सात सह्यांचा फॉर्म मिसेस प्रुइटांना नेऊन दिला. आठवा तास का नाही, असं त्यांनी विचारलं.
मीच गेलो नाही, असं सांगितलं.