गार्डाच्या देखरेखीखाली भरीत

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
छत्तीस वर्षं गार्ड म्हणून मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने काढली. भीती या विषयावर मला कोणी काही शिकवू नये. घाबरली आहे ती कल्याणी. वरून दाखवत नाही, पण नवरा असल्यामुळे मला कळतं.

कारण असं. दिशाने नोएडातली नोकरी सोडली. आमची एकुलती एक, वय सत्तावीस. एरचच्या अलीकडे बेतवा नदीच्या काठी कॅम्प चालवणार म्हणते. शहरातली माणसं येणार, तंबूत राहणार, चुलीवरचं जेवणार, आणि हे सगळं आनंदाने करणार. पहिला कॅम्प शनिवारी, १५ तारखेला. कानपूरचे सहा पाहुणे. तो नीट पार पडला तर झाशीत राहून हेच करायचं, नाहीतर परत नोकरी शोधायची, असं तिने स्वतःच ठरवलंय.

नदी, झाडी, साप, सहा अनोळखी माणसं आणि आमची मुलगी. रात्रभर झोप नाही. कल्याणी घोरत होती म्हणून.

एक क्षण मनात आलं, नाही पार पडला तर बरंच. विचार लगेच काढून टाकला. बाप आहे मी.

बुधवार, ५ नोव्हेंबर
कॅम्पसाठी ठरवलेला मऊरानीपुरचा स्वयंपाकी ऐन वेळी नाही म्हणाला. घरात लग्न आहे म्हणे. दिशाने फोन ठेवला. मी म्हणालो, स्वयंपाक मी करतो. दिशाने आईकडे पाहिलं. आईने पंख्याकडे पाहिलं. कोणी नाही म्हणालं नाही, म्हणजे होकार.

अनुभव दांडगा आहे. रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रामगृहात, छत्तीस वर्षं जेवलोय.

खरा हेतू इथेच लिहितो. मुलीवर नजर ठेवता येईल. तिला धीर वाटेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मेनू ठरला. काळ्या मसाल्याची फ्लॉवर-बटाटा-मटार रस्साभाजी. निखाऱ्यात भाजलेल्या वांग्यांचं भरीत. त्याच राखेत गक्कड, म्हणजे इकडच्या जाडजूड बाट्या. काकडीची कोशिंबीर.

ओलं वाटण बाहेर टिकत नाही, म्हणून खोबरं, तीळ, शेंगदाणे भाजून कोरडंच न्यायचं. ही कल्पना दिशाची. मलाही सुचणारच होती.

छोटा गॅस न्यायचा नाही, असा मी आग्रह धरला. सिलिंडर म्हणजे बॉम्ब. चूलच बरी. दिशा म्हणाली, बाबा, मला चूलच हवी होती. बघा, मतं जुळतात.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सायंकाळी ५
गच्चीवर रिहर्सल. सहा विटा, दहा कंडे, म्हणजे गोवऱ्या. बाजूला चार बादल्या पाणी, दोन बादल्या वाळू, ओलं पोतं. काडी लांबून लावता यावी म्हणून पडद्याच्या दांडीला बांधली. अकराव्या काडीला कंडे पेटले. ज्वाळा गुडघ्याच्या वर आली, तशा चारही बादल्या ओतल्या.

पाणी जिन्यावरून खालच्या दामोदरजींच्या पापडांवर गेलं. ते वर आले. बरंच बोलले. मी सेफ्टी समजावून सांगितली.

भाजी कच्ची राहिली. आग विझवण्याचा विभाग मात्र उत्तम तयार आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर
धोक्यांची यादी केली. तेवीस झाले. साप, विंचू, बिबट्या, गांधीलमाशी, वाळूत पाय रुतणे, मगर, विषबाधा, तंबू उडणे, पाहुण्यांपैकी कोणी वेडा निघणे इत्यादी. दिशाने सामानाची यादी मागितली. ती याच कागदाच्या मागे लिहिली आहे. सात ओळी आहेत.

कल्याणी म्हणाली, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. स्वतःची भीती माझ्यावर ढकलते.

नियम ठरवला. माझी गार्डाची शिटी नेणार. शिटी वाजली की सगळ्यांनी हातातलं टाकून वर रस्त्यावरच्या टेम्पोत बसायचं. कोणी प्रश्न विचारायचा नाही. दिशा आधी नको म्हणत होती. पाहुणे डर जाएंगे, बाबा. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, ठीक है, पण खरंच काही झालं तरच.

बुधवार, १२ नोव्हेंबर
काळा मसाला केला. म्हणजे कल्याणीने केला, मी देखरेख ठेवली. धने, दगडफूल, मोठी वेलची, खोबरं. मिरच्या मी भाजल्या. घरातले सगळे खोकत बाहेर गेले. खालचे दामोदरजीही. मी नाकाला टॉवेल बांधून आत राहिलो. यालाच धैर्य म्हणतात.

नंतर वाटलं, एवढ्या तिखटाने पाहुण्यांच्या पोटाचं काही झालं तर? एरचला दवाखाना किती वाजेपर्यंत असतो? कुटायच्या आधीच निम्म्या मिरच्या काढल्या. मग आणखी निम्म्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सायंकाळी ६
लाइन बॉक्स भरला. हा माझा नोकरीतला लोखंडी पेटारा. लाल झेंडी, हिरवी झेंडी, टॉर्च, शिटी, दोरी, फर्स्ट एड, ओआरएसची तीस पाकिटं. वांगी मावली नाहीत. ती दिशाने पिशवीत घेतली.

टॉर्च सहा वेळा लावून पाहिला. सेलची खात्री नव्हती.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी १०.४०
पोहोचलो. नदी अपेक्षेपेक्षा जवळ आहे. ओली आहे. दिशा पाहुण्यांना नमस्कार करून झाडांची नावं सांगते आहे. आवाज जराही कापत नाही. मनातून घाबरली असणार.

मी शिटीची माहिती दिली. एकदा सरावही करून घेतला. सहाही पाहुणे धावत टेम्पोत बसले. एका बाईंनी विचारलं, अंकल, यहाँ ऐसा होता क्या है? मी म्हणालो, अभी तक कुछ नहीं. त्या आणखी घाबरल्या. लोकांना उत्तर कसं द्यावं हेच कळत नाही.

११.५०
चूल दिशाने पेटवली. एका काडीत. वारा पडला होता म्हणून.

दुपारी १.१५
रस्सा उकळतो आहे. वास असा सुटलाय की कानपूरवाले दोनदा येऊन झाकण उघडून गेले. वांगी आणि गक्कड राखेत पुरले. पाहुणे पाण्याजवळ दगडांवर बसलेत. दिशा कोशिंबिरीला कोथिंबीर चिरते आहे. ती हसली माझ्याकडे पाहून. बाबा, हो गया ना, म्हणाली.

किती दिवसांनी अशी हसली. वाटलं, होऊन जाऊ दे हिच्या मनासारखं.

रविवार, १६ नोव्हेंबर. झाशी, घरी. दुपारी ३
कालचं नीट लिहितो. 

दीडच्या सुमारास पाहुण्यांपैकी एक मुलगी पाण्यात पाय सोडून बसली होती. तिच्यापासून तीसेक फुटांवर पाण्यावर दोन काळ्या नाकपुड्या दिसल्या. मागे चपटं काळं डोकं. सरळ तिच्या दिशेने येत होतं. यादीत मगर सहाव्या नंबरवर होती. माझी पाचावर धारण बसली, म्हणजे मी पूर्ण सावध झालो. शिटी वाजवली. तीनदा.

पाहुण्यांची शिस्त वाखाणण्यासारखी. एकाचा बूट राहिला, बाकी काही नाही. टेम्पो कुठे आहे हे त्यांना कळावं म्हणून मी पुढे धावलो. पहिला पोहोचलो.

खिडकीतून पाहिलं. मगर पाण्यातून बाहेर आली. तिला शिंगं होती. तिच्यामागे आणखी दहा आल्या. अकरा म्हशी. त्यांची वर जायची रोजची वाट नेमकी आमच्या चुलीवरून होती. हे कोणी आधी सांगायला नको का?

रश्शाचं पातेलं पहिल्या म्हशीनेच पालथं केलं. कोशिंबीर दुसरीने खाल्ली, परात चाटून.

आणि दिशा पळाली नव्हती.

चुलीसमोर एकटी उभी होती. हातात सरपणाची काठी. हट, हट म्हणत एकेकीला बाजूने काढत होती. एक मोठी म्हैस तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. मी टेम्पोत होतो. दार आतून लावलेलं. हँडल धरलं होतं, पण हात उघडेना. मी तिला हाकसुद्धा मारली नाही. 

गार्ड सगळे चढल्याशिवाय स्वतः गाडीत चढत नाही. इथे रेल्वे नव्हती, त्यामुळे तो नियम लागू नाही.

मागून म्हशींचे मालक आले. विश्वंभर नावाचे, साठीचे गृहस्थ. म्हणाले, काए भैया, हमाई भैंसन खों सीटी बजा कें काए डरा रए? मी टेम्पोतूनच माफी मागितली. काच खाली करून.

यानंतर माझ्या नियोजनाचं फळ मिळालं. वांगी आणि गक्कड राखेत पुरलेले होते, म्हणून वाचले. दिशाने आणि विश्वंभरजींनी राख बाजूला केली. वांगी सोलली, भाजलेला लसूण, टोमॅटो ठेचून घातले. वर तेलात काळ्या मसाल्याची फोडणी. गक्कड तुपात बुडवले. पाहुणे भीत भीत खाली आले आणि मग बोलेनात, नुसते जेवत होते. कानपूरच्या त्या बाईंनी बोटं चाटली. विश्वंभरजींनी चव घेतली, म्हणाले, मिर्ची तनक कम है. स्वतःच्या धोतरातून दोन मिरच्या काढून दिल्या.

रात्री सगळे शांत झोपले. मी टेम्पोत बसून पहारा दिला. काच वर करून.

एकूण कॅम्प यशस्वी. भरीत माझ्या मेनूतलं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
पाहुण्यांनी ऑनलाइन रिव्ह्यू लिहिला. पाच तारे. दिशाने वाचून दाखवला. जागा सुंदर, भरीत उम्मीद से ज़्यादा, दिशा दीदी बहादुर. मग तिने फोन बंद केला. मी म्हणालो, माझ्याबद्दल काही असेल. नाही म्हणाली. संध्याकाळी तिचा फोन घेऊन वाचलं. लिहिलंय, अंकल बहुत केअरिंग हैं, अगली बार उन्हें आराम दीजिएगा.

माझ्या वयाची काळजी करतात. भली माणसं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. रात्री ८
दिशा शेजारी येऊन बसली. पुढचा कॅम्प २९ला, दहा माणसं. नोकरी शोधणं तिने बंद केलंय. स्वयंपाकाला विश्वंभरजी आणि त्यांच्या पत्नी येणार, तिने परवाच जाऊन ठरवलं. मी विचारलं, मग मी? तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, बाबा, तुम्ही सोबत असलात ना, तो मुझे डर लगने लगता है. एकटी असले की नाही लागत.

मी म्हणालो, बरं.

मग उठून काळ्या मसाल्याचा डबा तिच्या बॅगेजवळ ठेवला. काढलेल्या सगळ्या मिरच्या कुटून परत घातल्या होत्या. दुसरं काही करता येईना.

शनिवार, २९ नोव्हेंबर. सकाळी ६
दिशा निघाली. मी दारात उभा राहिलो. यादी दिली नाही. खिशात होती.

सकाळी ११
फोन लागत नाही. रेंज नसते तिकडे. मी सातदा लावला.

दुपारी १.३०
कल्याणी शांतपणे जेवली. मी गच्चीवर जाऊन एरचच्या दिशेला पाहिलं. सत्तर किलोमीटर आहे. दामोदरजींचे पापड दिसले.

दुपारी ४.१०
फोटो आला, रेंज मिळाली असावी. दिशा भरीत वाढते आहे. विश्वंभरजींच्या पत्नी राखेतून गक्कड काढताहेत. माणसं काठावरच्या दगडांवर ताटं पुढे करून बसलीत. दिशाचे पाय अनवाणी आहेत, पाण्यात आहेत, घोट्यापर्यंत. ती हसते आहे. १५ तारखेला माझ्याकडे पाहून हसली होती, त्याहून जास्त.

कल्याणीला फोटो दाखवला. विचारलं, तुला भीती वाटत नाही का गं. ती म्हणाली, वाटते की. रोज वाटते. पण ती निघते तेव्हा मी डबा भरून देते आणि दार लावून घेते. मग म्हणाली, आणि तुम्हाला? मी म्हणालो, मला कसली.

 माझं ताट झाकून ठेवलं होतं, ते तिने समोर आणलं.

संध्याकाळी ६
तासभर तो फोटो मोठा करून पाहतो आहे. तिच्या मागचं पाणी काळं आहे. ते पाणीच आहे, असं वाटतं.

हे वाचणारं कोणी नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. ती जन्मली त्या दिवसापासून वाटते. मालगाडीत कधीच वाटली नव्हती.

पुढचा कॅम्प १३ डिसेंबरला आहे. मला नेणार नाहीत.